पंधरा लाख किलोमीटरवरची जावास्क्रिप्ट

पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर असलेली 'जेम्स वेब' अवकाश दुर्बीण एखाद्या दूरच्या दीर्घिकेकडे वळते, तेव्हा तिला सर्वप्रथम एक साधासा तारा शोधावा लागतो. हा तारा नजरेत धरून ठेवला तरच दुर्बीण हवी तितकी स्थिर राहू शकते, म्हणून त्याला मार्गदर्शक तारा म्हणतात. काही वेळा तो सापडत नाही. अशा वेळी पृथ्वीवरून कोणी सूचना देत नाही. किंबहुना त्या क्षणी पृथ्वीवर कोणाला त्याची कल्पनाही नसते, कारण दुर्बिणीशी संपर्क दिवसातील काही तासच असतो. दुर्बीण स्वतःच ते निरीक्षण सोडून देते, तशी नोंद ठेवते आणि यादीतील पुढच्या कामाकडे वळते. हा निर्णय घेणारी आज्ञावली जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली आहे. संकेतस्थळावरील बटणे दाबली जावीत, चित्रे सरकावीत, यासाठी वापरली जाणारी जावास्क्रिप्ट ती हीच.

दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेली आणि ही माहिती सर्वतोमुखी झाली, तेव्हा संगणक व्यावसायिकांमध्ये थट्टेचा सूर उमटला. सुमारे एक हजार कोटी डॉलर खर्चून उभारलेले आणि दुरुस्तीसाठी कोणीही पोहोचू शकणार नाही असे यंत्र एका संथ आणि लवचीक भाषेच्या हाती कसे सोपवले, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न गैर नव्हता, पण तो अर्धवट माहितीवर आधारलेला होता. वेबमधील जावास्क्रिप्ट यंत्रांच्या भागांना थेट हात लावत नाही. आरसे हलवणे, चाके फिरवणे, दुर्बीण स्थिर धरणे ही कामे सी प्लस प्लस भाषेत लिहून आधीच यंत्रभाषेत रूपांतरित केलेली उड्डाण-आज्ञावली करते. जावास्क्रिप्ट तिला काम सांगते, उत्तर ऐकते आणि पुढे काय करायचे ते ठरवते. कारखान्यांतील यंत्रमानव, प्रयोगशाळेतील उपकरणे, रेडिओ दुर्बिणी, इतकेच काय, महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा छोटासा प्रकल्प, या साऱ्यांत हीच विभागणी कमीअधिक फरकाने आढळते. ती का करावी लागते आणि दोन भाषांमधील सांधा नेमका कोठे दगा देतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

दोन स्वभावांच्या भाषा

'सी' किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषेत लिहिलेला मजकूर चालवण्यापूर्वी संपूर्णपणे यंत्रभाषेत बदलून घेतला जातो. या क्रियेला कंपाइल करणे म्हणतात. एकदा ते झाले की प्रोसेसर त्या आज्ञा थेट पाळतो, मध्ये कोणी नसतो. पायथॉन, जावास्क्रिप्ट, टीसीएल, लुआ या स्क्रिप्टिंग भाषांची रीत निराळी. त्यांतील मजकूर चालतेवेळी इंटरप्रिटर नावाची दुसरी आज्ञावली वाचते आणि त्याप्रमाणे कृती करते. साहजिकच वेग कमी होतो आणि एखादी कृती नेमक्या कोणत्या क्षणी होईल, याची खात्री देता येत नाही. त्या बदल्यात मिळते ती मोकळीक. एक ओळ बदलायची तर ती ओळच बदलायची, सगळी आज्ञावली नव्याने बांधून तपासायची गरज उरत नाही.

हा फरक किती ठोस आहे, हे पाहण्यासाठी अवकाशात जाण्याची आवश्यकता नाही. तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी-२२ नावाचा स्वस्त संवेदक इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो. हरितगृहापासून विज्ञान प्रदर्शनापर्यंत तो सर्वत्र दिसतो. माहिती पाठवण्यासाठी त्याला एकच तार असते. संगणकाने त्या तारेवर खूण केली की संवेदक एकामागून एक ४० बिट पाठवतो. प्रत्येक बिटच्या आधी तार सुमारे ५० मायक्रोसेकंद खालच्या पातळीवर राहते आणि नंतर वरच्या पातळीवर जाते. ती वर २६ ते २८ मायक्रोसेकंद राहिली तर तो शून्य, ७० मायक्रोसेकंदांच्या आसपास राहिली तर तो एक. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. थोडक्यात, शून्य आणि एक यांतील फरक ४० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा असून सगळा संदेश चार-पाच मिलिसेकंदांत आटोपतो.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायथॉनच्या साध्या चक्रात ही तार वाचू पाहणाऱ्याची लवकरच फजिती होते. पायथॉनची गती हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण असे, की त्या संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालू असतात आणि लिनक्स प्रणाली आपल्या आज्ञावलीला मध्येच काही मिलिसेकंद बाजूला बसवू शकते. तेवढ्यात संवेदकाचे बोलणे संपलेले असते. म्हणून या संवेदकासाठी प्रचलित झालेल्या पायथॉन लायब्ररीत तार वाचणारा भाग 'सी' भाषेत लिहिलेला होता. पायथॉन त्याला एवढेच विचारते की तापमान किती. 'सी'मधील तुकडा प्रणालीकडून तात्पुरता अग्रक्रम मागून घेतो, घाईघाईने कंपने मोजतो आणि दोन आकडे परत देतो. तोही कधीकधी चुकतो. संदेशाचे शेवटचे आठ बिट म्हणजे आधीच्या चार बाइटांच्या बेरजेचा ताळा असतो. ताळा जुळला नाही की वाचन फेकून द्यायचे आणि दोन सेकंदांनी पुन्हा विचारायचे. तापमान ठरावीक अंशापलीकडे गेल्यास पंखा लावायचा का, मालकाला संदेश पाठवायचा का, आकडा कोठे नोंदवायचा, हे सारे मात्र पायथॉनमध्येच ठेवलेले बरे. तेथे मायक्रोसेकंदांचा प्रश्न नसतो आणि मालकाचे मत दर आठवड्याला बदलू शकते.

आता हाच न्याय वेबला लावून पाहावा. दुर्बिणीवरील सूक्ष्म मार्गदर्शक संवेदक मार्गदर्शक ताऱ्याची जागा सेकंदाला १६ वेळा मोजतो आणि त्यानुसार दुर्बिणीचा रोख सावरला जातो. हे चक्र जावास्क्रिप्टमध्ये नाही. जावास्क्रिप्टच्या वाट्याला येते ते "तारा शोध" असे सांगणे आणि "सापडला" किंवा "सापडला नाही" हे उत्तर ऐकणे. ज्या कामात क्षणाचा हिशेब आहे ते एकीकडे आणि ज्या कामात निवड आहे ते दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे.

मुळात स्क्रिप्ट हवीच कशाला?

सारेच सी प्लस प्लसमध्ये लिहिले असते तर, असा प्रश्न येथे येतो. त्याचे उत्तर हबल दुर्बिणीच्या अनुभवात आहे. हबल पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरते आणि सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पूर्ण करते. अमुक वाजून तमुक मिनिटांनी ही कृती, अशा घड्याळाला बांधलेल्या आज्ञांवर तिचे वेळापत्रक रचले गेले. मार्गदर्शक तारा सापडला नाही तर त्या निरीक्षणासाठी राखून ठेवलेला वेळ बहुधा वाया जातो. पुढची आज्ञा तिच्या ठरलेल्या वेळीच येते, तोवर दुर्बिणीने नुसते थांबायचे.

वेबच्या बाबतीत योजनाकारांनी हा मार्ग सोडला. पृथ्वीवरून तिला निरीक्षणांची यादी पाठवली जाते. यादीतील प्रत्येक भेटीला लवकरात लवकर केव्हा सुरू करावी आणि उशिरात उशिरा केव्हा, अशी मुदत जोडलेली असते. जावास्क्रिप्टमधील लिपी ही यादी वाचतात, आज्ञा तयार करून उड्डाण-आज्ञावलीकडे देतात, उपकरणांची स्थिती विचारतात आणि मिळालेल्या उत्तरानुसार पुढची पायरी उचलतात. एक भेट फसली आणि पुढच्या भेटीची मुदत सुरू झालेली असली, तर दुर्बीण लगेच तिकडे वळते. दुर्बिणीचा एकेक तास मिळवण्यासाठी जगभरातील खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात आणि त्यांतील बहुतेक नाकारले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या काटकसरीचे मोल कळते.

दुसरे कारण बदलाचे. या लिपी साध्या अक्षरांत लिहिलेल्या आहेत. उपकरणांचे स्वभाव आणि खोडी अनुभवाने कळत जातील तशा त्या बदलता याव्यात आणि त्यासाठी उड्डाण-आज्ञावलीला धक्का लागू नये, हा हेतू आखणीतच होता. अवकाशयानाची उड्डाण-आज्ञावली बदलणे ही किती धास्तीची गोष्ट असते, हे त्या क्षेत्रातील कोणीही सांगेल. एका चुकीच्या बाइटने यानाशी कायमचा संपर्क तुटू शकतो.

यंत्राला स्वभाव असतो, याचा प्रत्यय फार लवकर आला. दुर्बिणीची पहिली छायाचित्रे १२ जुलै २०२२ रोजी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी २४ ऑगस्टला 'मिरी' या मध्य-अवरक्त उपकरणातील एक चाक फिरताना नेहमीपेक्षा अधिक घर्षण जाणवले. वर्णपटाचा कोणता पट्टा पाहायचा हे या चाकाने ठरते. त्या पद्धतीची निरीक्षणे थांबवण्यात आली. चाकाच्या मध्यवर्ती बेअरिंगच्या भागांमध्ये विशिष्ट परिस्थितीत स्पर्शबल वाढत असावे, असा निष्कर्ष निघाला. पान्हा घेऊन तेथे जाणे शक्य नव्हते. चाक कसे आणि किती वापरायचे याची नवी मर्यादा आखण्यात आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निरीक्षणे पुन्हा सुरू झाली. लोखंड तेच राहिले, ते हाताळण्याची रीत बदलली.

वेबवरील जावास्क्रिप्टचा इंटरप्रिटर नॉम्बास या कंपनीच्या 'स्क्रिप्टईज'ची २००३ मधील आवृत्ती आहे. ती कंपनी आज अस्तित्वात नाही. थट्टेचा आणखी एक मुद्दा म्हणून हे सांगितले जाते. परंतु अवकाश प्रकल्पात एकदा तपासून स्थिर केलेला घटक नव्या आवृत्तीच्या मोहाने बदलत नाहीत. दुर्बिणीचा प्रोसेसरही आरएडी-७५० हा किरणोत्सर्गाला तोंड देणारा जुन्या घराण्याचा आहे. खिशातील मोबाइलच्या तुलनेत तो अगदीच मंद म्हणावा लागेल. जुने म्हणजे टाकाऊ, हा हिशेब तेथे चालत नाही.

ही कल्पना आली कोठून

स्क्रिप्ट आणि कंपाइल केलेला कोड यांची जोडी अवकाशासाठी शोधलेली नाही. १९८८ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक जॉन ऑस्टरहाउट एका अडचणीने बेजार झाले होते. चिप आराखड्यासाठी त्यांच्या चमूने अनेक साधने तयार केली होती आणि प्रत्येक साधनाला आज्ञा देण्याची आपापली तोडकीमोडकी भाषा होती. सर्वांना मिळून एकच छोटी भाषा द्यावी आणि प्रत्येक साधनाने आपल्या खास आज्ञा 'सी'मध्ये लिहून तिच्यात जोडाव्यात, या विचारातून टीसीएल जन्माला आली. त्याच सुमारास ॲमस्टरडॅममध्ये गुइडो व्हॅन रॉसम हे अमीबा या संगणक प्रणालीवर काम करत होते. तेथे 'सी'मध्ये लिहिणे वेळखाऊ होते आणि प्रचलित शेल-लिपींना अमीबाच्या अंतर्गत सोयींपर्यंत पोहोचता येत नव्हते. १९८९ च्या डिसेंबरात त्यांनी लिहायला घेतलेली पायथॉन ही भाषा याच दोहोंमधील दरी भरण्यासाठी होती. आज पायथॉनचा बोलबाला गणित आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आहे, पण तिचा पाया 'सी'शी सहज बोलता यावे हाच आहे.

हे बोलणे मात्र सुरुवातीला हाताने जुळवावे लागे. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत १९९५ मध्ये डेव्हिड बीझली यांनी 'स्विग' हे साधन लिहायला घेतले. 'सी'मधील घोषणा वाचून ते मधला जोड-कोड आपोआप तयार करते. २००६ मध्ये पायथॉनच्या अडीचाव्या आवृत्तीत थॉमस हेलर यांचे 'सीटाइप्स' समाविष्ट झाले आणि जोड-कोड कंपाइल न करताही कोणत्याही 'सी' लायब्ररीतील कार्य थेट हाक मारून बोलावणे शक्य झाले. सोय वाढली आणि घोळही येथूनच वाढले.

सांध्यावरचे घोळ

स्क्रिप्टमधील साधा आकडाही प्रत्यक्षात एक गाठोडे असते. त्यात किंमत असते, ती कोणत्या प्रकारची आहे याची चिठ्ठी असते आणि हे गाठोडे किती ठिकाणी वापरात आहे याची मोजदादही असते. 'सी'ला यातील काहीच नको असते. तिला चार किंवा आठ बाइट, ठरलेल्या जागी ठेवलेले, एवढेच लागते. म्हणून सांध्यावरच्या दुभाष्याला दर वेळी गाठोडे सोडावे लागते, आतली किंमत प्रोसेसरच्या योग्य कप्प्यात ठेवावी लागते, 'सी'च्या कार्याला हाक द्यावी लागते आणि आलेले उत्तर पुन्हा गाठोड्यात बांधावे लागते.

अडचण अशी, की 'सी'च्या तयार लायब्ररीत कार्याचे नाव तेवढे नोंदलेले असते. ते कार्य किती गोष्टी मागते, कोणत्या प्रकारच्या मागते आणि काय परत देते, याचा उल्लेख सहसा नसतो. ही माहिती हाक मारणाऱ्याने स्वतः सांगायची. ती न सांगितल्यास सीटाइप्स गृहीत धरते की उत्तर हा ३२ बिटांचा पूर्णांक आहे.

समजा, मोटरचा वेग सांगणारे एक कार्य २.५ असा अपूर्णांक परत देते. आजच्या प्रोसेसरमध्ये अपूर्णांकाचे उत्तर एका कप्प्यात येते आणि पूर्णांकाचे वेगळ्याच कप्प्यात. लिपी दुसऱ्या कप्प्यात डोकावते आणि तेथे आधीच्या कामातून जे काही शिल्लक असेल ते वेग म्हणून उचलते. चूक झाल्याचा संदेश येत नाही. पडद्यावर एक आकडा दिसतो, तो फक्त खरा नसतो.

याहून फसवी गोष्ट पत्त्यांची. उपकरण उघडल्यावर अनेक लायब्ररी स्मृतीतील एक पत्ता परत देतात आणि पुढच्या प्रत्येक हाकेत तो दाखवावा लागतो. ३२ बिटांच्या संगणकावर हा पत्ता पूर्णांकाच्या मापात नेमका बसत असे, म्हणून प्रकार न सांगितलेल्या लिपीही बिनबोभाट चालल्या. ६४ बिटांच्या संगणकावर पत्त्याचा अर्धा भाग कापला जाऊ लागला. त्यातही गंमत अशी, की कापलेला अर्धा भाग योगायोगाने शून्य असेल त्या दिवशी सारे सुरळीत चालते. प्रयोगशाळेत महिनाभर चाललेली लिपी प्रात्यक्षिकाच्या दिवशी कोसळते, ती अशा कारणांनी.

काही वेळा हाक उलट दिशेने येते. बटण दाबले गेल्यास माझे अमुक कार्य चालव, असे लिपी 'सी'च्या लायब्ररीला सांगून ठेवते. लिपीच्या दृष्टीने त्या कार्याचे काम संपलेले असते. त्याकडे कोणाचे लक्ष नाही असे पाहून पायथॉनची सफाई यंत्रणा ते स्मृतीतून काढून टाकते. तासाभराने कोणी बटण दाबते आणि 'सी' रिकाम्या घराचे दार ठोठावते. संपूर्ण आज्ञावली तेथेच बंद पडते.

आणखी एक प्रकार यंत्र चालवणाऱ्यांच्या थेट अनुभवाचा आहे. मोटर इच्छित स्थानी पोहोचेपर्यंत 'सी'चे कार्य आत थांबून राहते. पायथॉनमध्ये एका वेळी एकच धागा भाषेचा ताबा घेऊ शकतो, अशी तिची दीर्घकाळची रचना आहे. आत जाताना हा ताबा सोडायचा असतो. सीटाइप्स तो सहसा आपणहून सोडते, हाताने लिहिलेल्या जोड-कोडात मात्र लेखकाला ते आठवणीने करावे लागते. विसरल्यास मोटर फिरत असताना पडद्यावरील 'थांबा' हे बटणही मुके होते.

सांध्यावर आकडा बिघडला म्हणजे काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. एरियान-५ या युरोपीय अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बसवण्याचा प्रयत्न झाला. तो बसला नाही. दिशादर्शक यंत्रणेचे दोन्ही संगणक बंद पडले आणि उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाणाचे तुकडे झाले. तो कोड धिम्या चढणाऱ्या एरियान-४ साठी लिहिलेला होता आणि तेथे तो आकडा कधी एवढा मोठा होतच नसे. त्यात स्क्रिप्टिंग भाषेचा संबंध नव्हता, हे खरे. परंतु आकड्याचे माप बदलणारी जागा ही कोणत्याही आज्ञावलीतील सर्वांत निसरडी जागा असते आणि दोन भाषांच्या सांध्यावर अशी जागा प्रत्येक हाकेला येते. पंचवीस वर्षांनी वेब दुर्बीण अवकाशात पोहोचवली ती त्याच एरियान-५ मालिकेतील अग्निबाणाने.

खालचा थर बदलतो तेव्हा

विभागणी नीट केली असेल तर तिचा लाभ वेगळ्याच वेळी दिसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय-५ बाजारात आला. त्याच्या पिना मुख्य चिपवरून काढून आरपी-१ या स्वतंत्र चिपकडे सोपवल्या गेल्या. आरपीआय-जीपीआयओ ही लोकप्रिय लायब्ररी मुख्य चिपच्या स्मृतीतील ठरावीक पत्त्यांवर थेट लिहून पिना हलवत असे. ते पत्तेच निरुपयोगी झाले आणि तिच्यावर उभे असलेले असंख्य प्रकल्प नव्या संगणकावर चालेनात. यातून दोन वाटा निघाल्या. ज्यांच्या लिपी जीपीआयओ-झिरो या वरच्या थराशी बोलत होत्या, त्यांना खालची लायब्ररी बदलणे पुरेसे झाले. इतरांसाठी जुन्या नावाने हाक ऐकणारी, परंतु आतून लिनक्सच्या अधिकृत मार्गाने पिना हलवणारी पर्यायी लायब्ररी पुढे आली. दोन्ही ठिकाणी पायथॉनच्या ओळी जवळजवळ तशाच राहिल्या. ज्यांनी पत्ते थेट आपल्या लिपीतच लिहून ठेवले होते, त्यांना मात्र सारे मुळापासून लिहावे लागले.

पुण्याशी असलेला धागा

नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या असलेल्या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीच्या, अर्थात जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या महाराष्ट्राला परिचित आहेत. ती चालवणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथे उभ्या राहत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे, म्हणजेच एसकेए, या प्रकल्पाच्या आखणीत दुर्बीण-व्यवस्थापक यंत्रणेचे नेतृत्व केले. संपूर्ण दुर्बिणीला आज्ञा देणारा आणि तिची नाडी पाहणारा तो हा भाग. प्रकल्पाला भारत सरकारने १,२५० कोटी रुपयांची मंजुरी दिली असून २०२४ मध्ये भारत त्याचा सदस्य झाला.

एसकेएच्या नियंत्रणासाठी 'टँगो' ही चौकट निवडण्यात आली. फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉन केंद्रात ती आकाराला आली. तिचा गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे, तर एसकेएतील नियंत्रण आज्ञावलीचा मोठा भाग पायथॉनमध्ये लिहिला जातो आणि 'पायटँगो' हा दोहोंमधील सांधा आहे. येथे हाक दोन्ही दिशांनी जाते. पायथॉनमधील लिपी टँगोमार्फत दूरच्या उपकरणाला आज्ञा देते आणि त्या उपकरणाचा प्रतिनिधीही पायथॉनमध्ये लिहिलेला असेल तर सी प्लस प्लसचा गाभाच त्या पायथॉन कार्याला बोलावतो. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोटे अँटेना असा पूर्ण आराखडा असल्याने या हाकांची संख्या केवढी असेल, याचा अंदाज करता येईल.

तबकडीच्या बाबतीत मात्र एक तिसरा थर असतो आणि तो दोन्ही भाषांच्या आवाक्याबाहेर ठेवतात. अवजड रचना वळत वळत शेवटच्या कोनापर्यंत आली, की तेथील मर्यादा-स्विच दाबला जातो आणि मोटरचा वीजपुरवठा तोडला जातो. वर पायथॉन काय म्हणते आहे किंवा 'सी'चे कार्य कोठे अडकले आहे, हे तो स्विच विचारत नाही. १९८५ ते १९८७ या काळात कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णालयांत थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने किमान सहा रुग्णांना घातक प्रमाणात किरण दिले, त्यांतील काही दगावले. आधीच्या थेराक-२० मध्ये असलेले विद्युत-यांत्रिक अडसर त्यात काढून टाकलेले होते आणि सुरक्षिततेचा भार आज्ञावलीवर टाकलेला होता. आज्ञावलीतील तशीच चूक थेराक-२० मध्येही होती, असे नंतर आढळले. तेथे ती उद्भवली की फ्यूज उडत असे.